लिनक्स मिंट, आठ महिन्यांनंतर: सांगलीतल्या टायपिंगच्या दुकानातला अनुभव

सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, बचत गटांचे ठराव, लग्नसराईत बायोडेटा, असं रोजचं काम. सगळा व्यवहार एका लॅपटॉपवर आणि एका लेझर प्रिंटरवर. लॅपटॉप २०१६ साली घेतलेला: पाचव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे माझं मशीन त्यात बसत नव्हतं. दिवाळी आठवड्यावर आलेली, आणि नवीन लॅपटॉपचे पैसे एकरकमी काढणं मला जमण्यासारखं नव्हतं.

आमच्या शेजारचा मुलगा वालचंद कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "काकू, मशीन चांगलंय की. डिस्क बदलूया आणि मिंट टाकूया." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची फुकट सिस्टीम. मी लगेच हो म्हटलं नाही. दुकान बंद राहिलं तर त्या दिवसाची कमाई गेली, हा हिशोब डोक्यात होता. शेवटी असं ठरलं की २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि ४ जीबी रॅम वाढवायची, डीव्हीडीच्या खाचेत कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवून जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तिथे ठेवायची, आणि एसएसडीवर लिनक्स मिंट २२.२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाकायची. ही आवृत्ती हलकी आहे आणि मिंटच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मला त्या तारखेचाच मोठा आधार वाटला. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत झाला.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. आधी सकाळी मशीन चालू करून मी देवाला दिवा लावायची, तोवर ते उठायचं. आता शटर वर करून खुर्चीत बसेपर्यंत तयार असतं. यातला बराच वाटा एसएसडीचा आहे, हेही सांगायला हवं. नुसती डिस्क बदलून विंडोजवरही फरक पडला असता.

खरा त्रास वायफायने दिला. टाकण्याआधी आम्ही मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं होतं, पण ते शेजारच्या मुलाच्या घरी, राऊटरच्या शेजारी बसून. तिथे सगळं सुरळीत. दुकानात आणलं तर पोटमाळ्यावरच्या राऊटरचं नाव कधी दिसे, कधी गायब होई. दिसलं तरी एकच कांडी, आणि मोबाइलला त्याच जागी पूर्ण रेंज. दोन दिवस मी मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपला चिकटवून काम केलं. त्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकं अर्ज न भरता परत गेली, ते अजून मनाला लागून आहे.

शेजारच्या मुलाने टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन वायफायच्या चिपचा नंबर काढला: आरटीएल ८७२३ बीई. ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, लागलेला होता, चूक कुठेच दाखवत नव्हता. मग रविवारी आम्ही लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. वायफायचं कार्ड निम्म्या काडेपेटीएवढं. त्यावर कोपऱ्यात दोन बारीक सोनेरी टिकल्या, अँटेनाची वायर दाबून बसवायच्या. एकीवर काळी वायर होती, दुसरी मोकळीच. म्हणजे कंपनीने एकच अँटेना दिलेली. एक असली तरी चालतं, पण कार्डाच्या आतल्या चिपमध्ये जी नोंद करून ठेवली होती ती मोकळ्या टिकलीची. ड्रायव्हर बिचारा ती नोंद खरी मानून जिथे वायरच नाही तिथे कान लावून बसला होता. राऊटर जवळ असला की तसंही थोडं ऐकू यायचं, म्हणून त्याच्या घरी चाललं.

यावरचा उपाय कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आधीपासून आहे. अशा लॅपटॉपांचा त्रास बऱ्याच जणांना झाला, म्हणून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी त्यात 'अँट सेल' नावाचा एक पर्याय घातला. ० म्हणजे कार्डातली नोंद माना, १ म्हणजे पहिली टिकली, २ म्हणजे दुसरी. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल करायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. १ लिहून बघितलं, काही फरक नाही. २ लिहिलं आणि खाली कोपऱ्यातल्या सगळ्या कांड्या भरल्या. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. नऊ वर्षं जी टिकली मोकळी होती ती मला माहीतही नव्हती, आणि कुणीतरी दूरच्या माणसाने माझ्यासारख्या मशीनसाठी त्या एका आकड्याची सोय करून ठेवली होती.

वायफाय नसण्याने आणखी एक गोंधळ घातला होता. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवतं, तर लिनक्स तिथली वेळ ग्रीनिचची समजतं. दोन्ही एका मशीनवर असली की बरोबर साडेपाच तासांचा घोळ होतो. नेट असतं तर लिनक्सने वेळ आपोआप जुळवून घेतली असती. तेव्हा नेट लागलेलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता दिलेल्या पावतीवर दुसऱ्या दिवसाची तारीख छापली गेली, आणि गिऱ्हाइकाने ती दाखवली तेव्हा मला कळलं. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, प्रश्न मिटला. दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, त्यात बदल करता येत नाही.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. माझा लेझर प्रिंटर जुना, पण अजून खणखणीत आहे. मिंटने तो लगेच ओळखला, यादीत नाव आलं, टेस्ट पेज पाठवलं तर 'पूर्ण झालं' असा संदेशही आला. कागद मात्र जागचा हलला नाही. या जातीच्या प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, साठवायची सोयच नसते. दर वेळी चालू केला की संगणकाने ते त्याला पाठवायचं, तेव्हा तो कामाला लागतो. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करायचा. मिंटमध्ये प्रिंटर चालवणारं मूळ पॅकेज सगळ्यांना खुलं आहे, पण हे फर्मवेअर कंपनीचं बंद असल्याने ते प्लगइन म्हणून वेगळं उतरवावं लागतं. मी उत्साहाने नेटवरून सगळ्यांत नवीन प्लगइन घेतलं, तर ते बसेचना. पॅकेजची आणि प्लगइनची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. जुळणारं घेतल्यावर प्रिंटरने घुर्रर्र केलं आणि पहिला कागद बाहेर आला. आता लाइट जाऊन आली तरी प्रिंटर चालू होताच फर्मवेअर आपोआप जातं.

पहिल्या आठवड्यात मात्र प्रत्येक पानाची खालची ओळ कापली जात होती. प्रतिज्ञापत्रात खालची ओळ म्हणजे सहीची जागा! मी समासांशी दीड तास झटले. कारण निघालं भाषेच्या निवडीत. टाकताना आम्ही अमेरिकेची इंग्रजी निवडली होती, त्यामुळे कागदाचा आकारही अमेरिकेतला लेटर धरला गेला. लेटर आपल्या ए४ पेक्षा थोडा रुंद आणि जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर आखूड असतो. प्रदेश भारत केला, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ केलं, ओळ परत आली. टाकतानाच इंग्रजी निवडायची तर भारताची निवडा, एवढ्याने एक डोकेदुखी वाचते.

आता मराठीबद्दल. माझ्यासाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. मी टायपिंग शिकले ते टाइपरायटरवर, रेमिंग्टनच्या पद्धतीने, आणि पंचवीस वर्षं जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत काम केलं. ते फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली, एवढंच. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं. मिंटमध्ये माझे दोन हजारांवर जुने मसुदे तसेच दिसले आणि पोटात खड्डा पडला.

फाइली युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या तर बऱ्याचशा सुधारल्या, पण 'दुसऱ्या' चं झालं 'दुसर्या', 'तऱ्हेने' चं 'तर्हेने'. मराठी माणसाच्या डोळ्याला ते लगेच खुपतं. आपला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये 'ऱ' पासून होतो, साध्या 'र' पासून रफार होतो. मी आयबस (लिनक्समधली भाषा बदलायची सोय) चालू करून मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड घेतला आणि ठरवून नव्याने बोटं वळवली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जे दाबलं की र, शिफ्टबरोबर जे दाबलं की ऱ, मग डीवर हलन्त आणि तिरक्या रेघेच्या कळीवर य. तीन कळांत 'ऱ्य'. 'सूर्य' लिहिताना शिफ्ट नाही, बस. ळ एनवर शिफ्टने येतो. पहिले पंधरा दिवस माझा वेग निम्म्यावर आला, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कळा शोधताना घाम फुटायचा. सव्वा महिन्याने बोटं बसली. आज माझा मसुदा मी गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवते आणि तो त्याच्या मोबाइलवर जसाच्या तसा दिसतो, वकिलांना त्यात थेट दुरुस्ती करता येते. हे मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं असं मनापासून वाटतं. जुने मसुदे लागतील तसे सुधारून घेते, सगळे एकदम करायच्या फंदात पडले नाही.

मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या जागी वापरायच्या प्रोग्राममध्ये, एक गोष्ट आधी समजून घ्या. इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट आणि मराठीचा फॉन्ट तिथे वेगवेगळा धरतात. मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करावी लागते. नाहीतर ओळीतले इंग्रजी आकडे एका आकाराचे आणि शब्द दुसऱ्या आकाराचे दिसतात, आणि का ते कळत नाही. कचेऱ्यांतून आलेल्या वर्डच्या फाइलींतले तक्ते अजूनही कधी कधी सरकतात. त्याला उपाय सापडलेला नाही, हाताने नीट करते.

मार्चमध्ये एकदा छपाई चालू असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे मशीन फटकन बंद पडलं. परत चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इनिटरॅमएफएस आणि पुढे लुकलुकणारी खूण. मी घाबरले, पण फोनवर शेजारच्या मुलाने विचारलं, "काकू, वरच्या ओळी वाचा की, काय लिहिलंय?" वर स्पष्ट लिहिलं होतं की अमुक पार्टिशन (डिस्कचा भाग) हाताने तपासायला हवं. त्याच्याच सांगण्यावरून एफएससीके ही डिस्क तपासायची आज्ञा आणि पार्टिशनचं नाव टाइप केलं, होकार देत गेले, दहा मिनिटांत मशीन उठलं. एकही फाइल गेली नाही. दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी मागवली.

बॅकअपचं थोडं सविस्तर सांगते, कारण २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी आलं तेव्हा माझी एक हार्ड डिस्क गेली. त्यात लोकांची कागदपत्रं होती. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची चांगली सोय आहे. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या अवस्थेत नेता येते. पण ते आपल्या होम फोल्डरमधल्या, म्हणजे आपल्या कामाच्या, फाइली मुळात घेतच नाही, तशी सेटिंग केली नाही तर. मला हे महिनाभराने कळलं, तोवर मी निर्धास्त होते. आता टाइमशिफ्ट सिस्टीमसाठी, आणि कामाच्या फाइली रोज रात्री एका वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क दुकानात ठेवत नाही, पिशवीत घालून घरी नेते. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की लॅपटॉप आणि प्रिंटरही पोटमाळ्यावर जातात.

जमलं नाही ते एकच मोठं काम, डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा. दोन रविवार घालवले. टोकन दिसतं, पण सही घेणारी साइट त्याला ओळखत नाही. त्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा कॅडीतल्या डिस्कवरून विंडोज चालू करते. ज्यांचा सगळा धंदा टोकनवर किंवा टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामवर आहे त्यांनी मिंटवर पूर्ण येऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. टायपिंग, छपाई, नेट, ईमेल एवढंच असेल तर जरूर या. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, पण स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या राऊटरवर, स्वतःच्या प्रिंटरला जोडून, आणि 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करून छापा.

मी एक दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येक बिघाडाची तारीख, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा आणि खाली उपाय. गेल्या आठवड्यात विश्रामबागचा एक झेरॉक्सवाला आला होता, त्याच्याही लॅपटॉपला रेंज नव्हती. म्हणाला, "काय ओ ताई, तुमचं पण असंच होतं म्हणे?" वहीतलं सतरावं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने फोटो काढला आणि मागचं झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर मागितला.