जुन्या एक्सरसाइज बाइकवर दहा महिने: साडेपाच हजारांत काय मिळालं, काय नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी गेल्या जूनपासून आणखी एक आकडा पडतो, सायकलच्या मिनिटांचा. काल रात्री बसून बेरीज केली. जून ते मार्च, ३०४ दिवसांपैकी २११ दिवस सायकल झाली, ९३ खाडे. मिनिटं साधारण ५,४००, म्हणजे नव्वद तास. किलोमीटर विचारू नका. मीटरमधले पेन्सिल सेल बदलले की एकूण आकडा शून्यावर येतो, हे मला सप्टेंबरात कळलं आणि त्या दिवशी मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

सायकल जुनी घेतली. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावानं सांगलीत नवी घेतली. त्यामुळे दोन्हींचा अनुभव घरातच जमा झाला.

निमित्त गुडघा. वय ४७, बँकेत बसून काम. उजवा गुडघा जिना उतरताना टोचायला लागला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज नुकती सुरू आहे, वजन उतरवा आणि मांडीचे स्नायू घट्ट करा. सायकल चालवा, तिच्यात गुडघ्यावर आदळआपट होत नाही. तोवर रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जात होते, पण कोल्हापूरचा जून-जुलै ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सलग आठ दिवस छत्री मिटत नाही.

नव्या सायकलींच्या किमती बघितल्या. माझ्या कामाची, सरळ बसायची, मॅग्नेटिक प्रकारची सायकल चौदा-पंधरा हजारांना होती. आमचे हे म्हणाले, "आधी दोन महिने टिकतीस का बघ." राग आला, पण मुद्दा बरोबर होता. मग मोबाइलवर जुन्या वस्तू शोधायला लागले आणि थक्क झाले. किती घरांत या सायकली पडून आहेत! लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या तर ढिगानं.

तीन ठिकाणी जाऊन बघून आले. इचलकरंजीत एक एअर बाइक होती, पुढे मोठा पंखा आणि हलणारे दांडे असलेली. दांड्यांचे सांधे गंजलेले आणि चालवली की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. दुसरी स्पिन बाइक. दिसायला एकदम जिममधली, पण तिच्यात ब्रेक म्हणून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी चाकावर दाबली जाते. ती पट्टी झिजून काळी कुळकुळीत झाली होती आणि जोर वाढवला की जळका वास यायचा. पट्टी बदलता येते, पण माझा जीव बसला नाही.

तिसरी राजारामपुरीत. नोकरीसाठी गाव सोडून निघालेलं कुटुंब, हॉलमध्ये सगळीकडे खोकी. सायकलच्या हँडलवर कपड्यांच्या चिमट्यांचे व्रण होते, आणि ते बघून मला खरं तर बरं वाटलं. कपडे वाळत घालून सायकल झिजत नाही. बिल जपून ठेवलेलं होतं, २०२० सालचं.

मॅग्नेटिक म्हणजे काय ते मी तोवर वाचून काढलं होतं. चाकाजवळ लोहचुंबक असतात आणि ते चाकाला कधी टेकतच नाहीत. धातूचं चाक त्यांच्याजवळून फिरलं की चाकातच विजेचे छोटे प्रवाह तयार होतात आणि तेच फिरण्याला विरोध करतात. जितकं जोरात मारावं तितकं जड लागतं. घासण्यासारखं काही नाही म्हणून ब्रेकचं झिजण्यासारखंही काही नाही. जुनं घ्यायचं तर याच प्रकारचं, हे मी मनाशी पक्कं करून गेले होते.

तिथं मी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण सगळा सौदा त्या पंधरा मिनिटांत ठरला. आधी सीट माझ्या उंचीला लावून मागितली. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट सगळ्यात खालच्या छिद्रावर असतानाही माझी बोटंच पायडलला टेकली असती तर तिथूनच परत फिरले असते. खालून दुसऱ्या छिद्रावर जमलं. मग दोन्ही हातांनी क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, धरून आडवा हलवला, आपण दाराची बिजागरी हलवून बघतो तसा. अगदी किंचित हलतोय असं वाटलं, पण ‘वाटलं’ म्हणून सोडून दिलं. याची किंमत पुढे येतेच. मग दहा मिनिटं खरोखर चालवली, साडीवर नाही, पंजाबी ड्रेस घालूनच गेले होते. जोराचं बटण १ ते ८ फिरवत गेले. सहापर्यंत फरक कळत होता. सहा, सात, आठ मात्र सारखेच. ते मी मोठ्यानं बोलून दाखवलं. मालक साडेसात हजार म्हणत होते, साडेपाचावर आले. वर त्यांच्या आईनं चहा दिला.

टेम्पोला ४०० रुपये. दुसऱ्या मजल्यावर चढवायला आमचे हे आणि टेम्पोवाले मामा. जिन्याच्या वळणावर भिंतीचा थोडा रंग गेला तो अजून तसाच आहे.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी प्लास्टिकचं कव्हर उघडलं. आत धूळ, केसांचा पुंजका आणि एक काचेची गोटी. बटणापासून चुंबकांपर्यंत एक बारीक केबल जाते, स्कूटरच्या ब्रेकसारखी. ती सैल पडली होती, म्हणून सहाच्या पुढे चुंबक चाकाकडे सरकतच नव्हते. केबल ताणून बसवली आणि आठ नंबर असा जड झाला की मला तो आजही दोन मिनिटांच्या वर झेपत नाही. दोन हजारांची घासाघीस ज्या दोषावर केली तो वीस मिनिटांत फुकट दुरुस्त झाला. मला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं.

जून-जुलै मजेत गेले. पहिले दोन आठवडे गुडघा उलट जास्त दुखला, तेव्हा घाबरले होते. चूक सीटची होती. पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी ती एक छिद्र खाली घेतली होती. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेली खूण अशी: टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं, तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट एक छिद्र वर गेली आणि चार दिवसांत टोचणं थांबलं. चढता-उतरताना तोल जातो म्हणून शेजारी पाट ठेवते.

ऑगस्टच्या शेवटी ‘टक’ सुरू झालं. प्रत्येक फेरीला एकदा, डावा पाय खाली गेला की टक. आधी पायडलवर संशय घेतला आणि ३५० रुपयांचे नवे पायडल बसवले. टक तशीच. मग क्रँकवरची प्लास्टिकची टोपी काढली तर आतला नट बोटानं फिरत होता. आवळला. दोन आठवडे शांतता, पुन्हा टक. शेवटी सायकल दुकानातल्या मामांना घरी बोलावलं. त्यांनी चाकाला हातही लावला नाही, नुसते कान देऊन उभे राहिले. मी पायडल मारतेय आणि ते डोळे मिटून ऐकताहेत. म्हणाले, "क्रँकचं न्हाई ओ ताई, आतलं बेअरिंग गेलंय. आधीपासनंच गेलेलं असणार." राजारामपुरीत हाताला जे किंचित लागलं होतं ते हेच.

मला वाटलं, संपलं आता, कुठून आणायचा सुटा भाग. पण बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. माझं ६००४ निघालं, म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ४२. शिवाजी उद्यमनगरात बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला, दुकानदारानं सायकल कुठल्या कंपनीची हेसुद्धा विचारलं नाही, दोन बेअरिंगं काउंटरवर ठेवली. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या, घाम-धूळ आत जात नाही, एवढं मात्र सांगितलं. मामांची मजुरी धरून ६५० रुपये. त्यानंतर आजतागायत टक नाही.

आता भावाची नवी. किंमत १४,२०० रुपये. खोकं इमारतीच्या दारात ठेवून डिलिव्हरीवाला गेला, तीस-बत्तीस किलोचं. जोडणी स्वतःच करायची होती. सूचनांचा कागद होता, अक्षरं मुंगीएवढी. भावानं घाईत डावं पायडल उजव्यासारखंच फिरवून बसवायला घेतलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळायचं, म्हणजे चालवताना ते आपोआप सैल होत नाही. पायडलवर ‘एल’ आणि ‘आर’ अशी अक्षरं असतात ती त्यासाठीच. त्यानं जोर लावून पाना फिरवला आणि क्रँकचे आटे मारले गेले. कंपनीनं आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग म्हणाले जोडणीतली चूक वॉरंटीत बसत नाही. बरीच बोलाचाली होऊन एकोणिसाव्या दिवशी नवा क्रँक आला. तोवर चौदा हजारांची सायकल गॅलरीत एका पायावर उभी.

पण खरं सांगायचं तर आता त्याची सायकल माझ्यापेक्षा चांगली चालते. दिवाळीला चार दिवस तिच्यावर बसले. चाक जड आहे, त्यामुळे सावकाश मारतानाही फेरी लोण्यासारखी जाते. माझ्या सायकलचं चाक हलकं, हळू चालवलं की पायडल वर-खाली बदलताना बारीक हिसका बसतो. जोरात मारताना तो कळत नाही, पण गुडघा दुखत असेल त्या दिवशी माणूस हळूच चालवतो, आणि नेमका तेव्हाच तो हिसका जाणवतो. आवाजही त्याचा कमी. माझ्या सायकलीखाली आधी सतरंजी होती. खालच्या वहिनींनी "सकाळी सकाळी काय दळता हो?" असं विचारल्यावर सहाशेची रबरी मॅट आणली.

मीटरबद्दल दोन शब्द, जुनी घ्या की नवी. त्यावरच्या कॅलरी मनावर घेऊ नका. एकदा अर्धा तास १ नंबरवर चालवली, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच फेऱ्या ५ नंबरवर. दुसऱ्या दिवशी घामानं निथळले, मीटरनं दोन्ही दिवशी जवळपास तोच आकडा दाखवला. त्याला फक्त क्रँकच्या फेऱ्या मोजता येतात. माझं वजन माहीत नाही, जोर माहीत नाही. हँडलवर नाडी दाखवणाऱ्या पट्ट्या आहेत, त्यांनी मला एकदा ४२ ठोके सांगितले. मी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं चालवते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चांगल्या आठवड्यात मी तिथवर पोचते, लग्नसराईत नाही.

हिशेब: सायकल ५,५००, टेम्पो ४००, पायडल ३५०, सीटवरचं जेलचं कव्हर ४५०, बेअरिंग ६५०, मॅट ६००. एकूण ७,९५०. सेल वेगळे. पायडलचे ३५० वाया गेले, माझ्याच उतावीळपणामुळे. वजन ७१ वरून साडेसदुसष्टवर आलं, पण त्यात संध्याकाळचा फरसाण बंद केल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय सायकलला देत नाही. बँकेचा जिना न थांबता उतरते. नोव्हेंबरपासून रंकाळ्यालाही जाते, आठवड्यातून तीनदा.

ओळखीत कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, घरात पाना हातात धरणारं कुणी आहे का? आणि गावात बेअरिंग ऐकून ओळखणारे मामा आहेत का? असतील तर जुनी मॅग्नेटिक घ्या, तिचं जे बिघडायचं ते बरंचसं आधीच बिघडलेलं असतं आणि बसून बघता येतं. नसतील तर नवी घ्या, फक्त डाव्या पायडलचं लक्षात ठेवा.

आता सासूबाईंना सायकल हवी झालीय. वय ७३, उंची जेमतेम चार फूट दहा. माझ्या सायकलवर बसवून बघितलं, सीट तळाला नेली तरी पाय पोचेनात, आणि लुगड्याचा काठ क्रँकमध्ये जाईल या भीतीनं मीच ओरडले. त्यांच्यासाठी पाठ टेकून बसायची, पायडल पुढे असलेली सायकल लागेल. ती जुन्यात मला कोल्हापुरात कुठे दिसली नाही, म्हणून त्यांना नवीच घ्यायची ठरवलं आहे. पण बसून बघितल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही, आणि बसायचं तर लुगडं चालणार नाही. परवा दुकानात चला म्हटलं तर म्हणाल्या, "गाऊन घालून दुकानात? मी न्हाई येत. तूच बसून बघ आणि आण." पाय कुणाचे मोजायचेत, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.