रॉजर ईबर्टचं 'लाइफ इटसेल्फ': घ्या, पण सिनेमासाठी घेऊ नका

आधीच सांगून टाकते, हे पुस्तक, म्हणजे ईबर्टचं आत्मचरित्र, मी भलत्याच अपेक्षेने घेतलं. रॉजर ईबर्ट म्हणजे अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या पेपरमध्ये ४६ वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहिणारा माणूस, १९७५ ला पुलित्झर मिळालेला पहिला सिनेसमीक्षक, आणि टीव्हीवर अंगठा वर की अंगठा खाली करणारा तोच तो. मग मला वाटलं आत नुसता सिनेमा असणार, परीक्षण कसं लिहायचं, कुठला दिग्दर्शक का भारी वगैरे. ते आहे, पण अगदी थोडं. सुरुवातीला कितीतरी वेळ आपण इलिनॉयमधल्या अर्बाना नावाच्या छोट्या गावातच असतो. वडील विद्यापीठात इलेक्ट्रिशियन, पोराने आपलं काम करू नये असं त्यांचं ठाम मत, आईला मुलगा पाद्री व्हायला हवा होता, एक कुत्रा, आणि मग स्टेक-एन-शेक नावाच्या बर्गरच्या हॉटेलवर आख्खं एक प्रकरण!

हे वाचताना मी थोडी वैतागले होते खरं. म्हटलं बाबा बर्गरचं काय एवढं. आणि मग डोक्यात आलं की हे लिहिताना या माणसाला खाता येत नाहीये. २००६ मध्ये कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये खालचा जबडा गेला, नंतर खाणं गेलं, पिणं गेलं, बोलणं गेलं, अन्न थेट नळीने पोटात. पुस्तक आलं २०११ ला. म्हणजे यातला प्रत्येक घास, रूट बियर या बिनदारूच्या गोड पेयाचा तो थंडगार ग्लाससुद्धा, निव्वळ आठवणीतून आलाय. हे कळल्यावर मी मागे जाऊन बर्गरचं प्रकरण परत वाचलं आणि ते पूर्ण वेगळंच लागलं.

लिखाण एकदम बोलल्यासारखं आहे, समोर बसून गप्पा मारतोय असं. कुठे रडगाणं नाही. हॉस्पिटलमधून घरी जायची सगळी तयारी झालेली, निघता निघता लेनर्ड कोहेन या गायकाचं एक गाणं ऐकत थांबले आणि तेवढ्यात मानेतली रक्तवाहिनी फुटली, गाणं ऐकायला थांबले नसते तर गाडीतच संपला असता, हे तो ज्या थंड डोक्याने सांगतो ना, बापरे. दारूचंही तसंच. शिकागोतल्या ओ'रूर्क्स नावाच्या बारमध्ये पत्रकारांच्या मैफली, त्यात मजा होती हे लपवत नाही, आणि १९७९ ला सोडली तेही बढाई न मारता सांगतो. आईला आवडणार नाही या भीतीने लग्न लांबवत राहिला, शेवटी आई गेल्यावर, पन्नाशीला, चॅझशी केलं. स्वतःबद्दल असं लिहायला हिंमत लागते. आणि नोकरीचा किस्सा तर मस्तच, चोविसाव्या वर्षी, १९६७ ला, पेपरने सिनेसमीक्षक केलं तेव्हा त्याने ते काम मागितलेलंसुद्धा नव्हतं.

आता तक्रारी. एक, पुस्तकाचा बराच मजकूर आधी त्याच्या ब्लॉगवर आलेला आहे आणि ते जाणवतं, तीच गोष्ट दोनदा येते, संपादकाने कात्री लावायला हवी होती. दोन, लंडनमधल्या त्याच्या आवडत्या जुन्या हॉटेलचं आणि तिथल्या भटकंतीचं वर्णन संपता संपत नाही. तीन, जॉन वेन, रॉबर्ट मिचम, ली मार्विन या नटांवरची प्रकरणं पेपरातल्या जुन्या मुलाखतींसारखी वाटतात, मजेशीर आहेत पण बाकी पुस्तकाची जी ओल आहे ती तिथे नाही. हर्झॉग आणि स्कॉर्सेसी या दिग्दर्शकांवर लिहितो तेव्हा मात्र जीव ओततो.

आणि चौथी, खरी तक्रार, टीव्ही शोमधला त्याचा जोडीदार जीन सिस्कल कमी आहे! अहो याच माणसासाठी तर निम्मे लोक पुस्तक उचलणार. जीन समोरच्या पेपरचा, शिकागो ट्रिब्यूनचा, दोघांचं आधी अजिबात पटायचं नाही, शोच्या नावात कोणाचं नाव पुढे हेसुद्धा नाणं उडवून ठरलं आणि जीन जिंकला. पण जे आहे ते फार आतलं आहे. जीनने आपला मेंदूतला ट्यूमर किती गंभीर आहे हे घरच्यांशिवाय कोणालाच कळू दिलं नाही, १९९९ ला गेला, आणि इतकी वर्षं शेजारी बसलेल्या रॉजरला निरोपही घेता आला नाही. ते त्याला लागलं. स्वतः आजारी पडल्यावर मग याने काहीच लपवलं नाही, जबडा नसलेला चेहरा मासिकात छापू दिला.

ऑडिओबुक पण घेतलं मी. एडवर्ड हर्मन नावाच्या नटाने वाचलंय, आवाज छान, वाचन स्वच्छ, पण आवाज गेलेल्या माणसाची कहाणी दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना सारखं काहीतरी खटकत राहतं, निदान मला तरी. एडिनबरोच्या एका कंपनीने त्याच्या डीव्हीडीवरच्या जुन्या कॉमेंट्रीमधून त्याचाच कॉम्प्युटर आवाज बनवला होता, २०१० ला ओप्राच्या शोमध्ये ऐकवला, तेव्हा चॅझला रडू आलं होतं. अख्खं पुस्तक त्या आवाजात कोणी ऐकलं नसतं हे मान्य. तरी छापील प्रतच घ्या, फोटोही मिळतात.

याच नावाची डॉक्युमेंटरी आहे, स्टीव्ह जेम्सची, २०१४ ची. पुस्तकात सुटलेला जीन तिथे भरपूर सापडतो, दोघं शोच्या शूटिंगच्या अधेमधे एकमेकांचे जे लचके तोडतात ते बघून हसून हसून पोट दुखलं. पण घशातून नळीने द्रव काढतानाचा प्रसंग आहे, नाजूक मनाच्यांनी जपून. तो दाखवावा असं रॉजरचंच म्हणणं होतं म्हणे. आधी पुस्तक, मग डॉक्युमेंटरी, उलटं केलंत तर शेवट आधीच कळतो, कारण शूटिंग चालू असतानाच, एप्रिल २०१३ मध्ये, तो गेला.

पाचपैकी चार. जायच्या आधीच्या वर्षात, २०१२ ला, त्याने ३०६ परीक्षणं लिहिली होती, करिअरमधली सगळ्यात जास्त, ती आता एकेक करून वाचायला घेतलीयेत. लंडनची प्रकरणं काही परत वाचणार नाही. जीनचं मात्र काल रात्री तिसऱ्यांदा वाचलं.