डब्यावर १० सेमी, मोजलं तर १२ : दहावीचा भिंग संच

पोरगी यंदा दहावीले हाय. भिंगांच्या धड्यात किरणाकृती मस्त काढते पण विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, काढ म्हटलं की उत्तर कधी २ तर कधी उणे २. म्हणून यवतमाळच्या एका दुकानातून ३५० रुपयाचा संच आणला, त्यात एक बहिर्वक्र भिंग, एक अंतर्वक्र, पट्टी, पडदा अन् मेणबत्तीचं स्टँड.

डब्यावर नाभीय अंतर, म्हणजे लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्यावर पडते ते, १० सेमी छापलं हाय. त्या हिशोबानं तिनं वस्तू भिंगापासून १५ सेमीवर धरून आकृती काढली, एक किरण अक्षाले समांतर जाऊन नाभीतून, दुसरा प्रकाशीय केंद्रातून सरळ, दोन्ही ३० वर भेटले, प्रतिमा दुप्पट. पडदा ३० वर ठेवला तर नुसता धुरकट डाग! मागंपुढं सरकवता सरकवता पट्टी संपली. मले वाटलं पोरीचंच चुकलं, बोललोही तिले. सकाळी भिंतीजवळ भिंग धरून दारातून दिसणारी धुऱ्यावरची बाभूळ भिंतीवर पाडली, उलटी पण लख्ख, अन् भिंग ते भिंत मोजलं तर १२ सेमी. म्हणजे १५ वर ठेवलं की प्रतिमा जाते थेट ६० वर, चौपट होऊन, अन् यांची पट्टीच ५० ची. कशी दिसन बाप्पा?

मग पट्टी फेकली कोपऱ्यात अन् जमिनीवर खडूनं रेघ मारली. मेणबत्ती बेकार, ज्योत हालते, उंची मोजाची कशी? पुठ्ठ्यात २ सेमीचा बाण कापला, मागून मोबाईलचा टॉर्च. लाईन गेलीच होती, अंधार फुकटात. आकृती नव्यानं काढली, कागदावरचा १ सेमी म्हणजे ३ सेमी. बाण १८ वर, पडदा ३६ वर, प्रतिमा बरोब्बर ४ सेमीची अन् उलटी. वस्तूकडचं अंतर उणे धरतात, म्हणून ३६ भागिले उणे १८, उणे २. तेव्हा कुठं तिले समजलं का हा उणे म्हणजे उलटी, लहान नाही. बाण ६ वर आणला तर पडद्यावर काहीच नाही, कागदावर किरण तुटक रेषेनं मागं वाढवावे लागले, उत्तर अधिक २, अन् भिंगातून पाहिलं तर सुलटं. माय तेव्हापासून तांदूळ निवडाले तेच भिंग मागते.

अंतर्वक्र भिंगावर ओरखडा निघाला, दुकानदार म्हणे फोडलेला डबा वापस नाही होत. पाचातून तीन स्टार, तेही बहिर्वक्र भिंगाचे. घ्याचा असन तर दुकानातच भिंतीवर बाहेरचं झाड पाडून मोजून घ्या.