30 टक्के खडूवाला दाणा: हँगरसाठी घेऊ नका

साकीनाक्याच्या गाळ्यात मी 19 वर्षं कपड्यांचे हँगर मोल्ड करतोय. पावसाळ्याआधी धारावीतल्या एका कंपाउंडवाल्याकडून, म्हणजे प्लास्टिक वितळवून, त्यात भर मिसळून दाणा बनवणाऱ्याकडून, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एचडीपीई (हाय-डेन्सिटी पॉलिथिलीन) या दोन प्लास्टिकच्या भंगाराचा मिश्र दाणा आणला, 25 किलोच्या आठ गोणी. त्यात वजनाने 30 टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला खडूच. "दादा, फिलरने मजबुती वाढते," असं तो म्हणाला होता; फिलर म्हणजे ही खडूची भर.

ते अर्धंच खरं निघालं. भिजलेली जीन्स अडकवली तर साध्या दाण्याच्या हँगरचे खांदे लवतात, याचे ताठ राहिले. खडूचा कण प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक, त्यामुळे कडकपणा वाढणारच. पण हँगरचा जीव वरच्या आकड्यात, म्हणजे हुकात असतो. बाल्कनीच्या जाड दांडीवर घालताना आकडा थोडा फाकवावा लागतो, तिथे पहिल्या डझनातले तीन कट्‌कन तुटले. तुटलेली बाजू पांढरी, खरखरीत, पापुद्रे सुटलेले.

असं का होतं ते सांगतो, कारण नवीन मोल्डरला हे कुणी सांगत नाही. पीपी आणि एचडीपीई वितळून एकत्र आले तरी एकजीव होत नाहीत, त्यांची आपसातली पकड मुळातच कच्ची. त्यात बिनलेपाचा खडू नीट पसरला नाही की गुठळ्या राहतात. वाकवलं की प्लास्टिक गुठळीपासून सुटतं, पोकळी होते आणि तिथून चीर धावते. कडकपणा मिळाला, चिवटपणा गेला.

वजनाचंही बघा. साचा जागा मोजतो, किलो नाही, आणि खडू प्लास्टिकपेक्षा जड. माझा 40 ग्रॅमचा हँगर या दाण्यात 50 ग्रॅमचा झाला, म्हणजे गोणीमागे 625 ऐवजी 500 नग. भाव स्वस्त वाटला तरी हा हिशेब आधी करा. परीक्षा सोपी आहे: दाणे पाण्यात टाका. बिनफिलरचा पीपी-एचडीपीई तरंगतो, हा तळाला बसला.

जुलैच्या दमट हवेत नगांवर चंदेरी रेघाही आल्या. दाणा 80 अंशांवर दोन तास सुकवल्यावर त्या गेल्या.

त्याच माणसाचा दुसरा माल मात्र मनापासून आवडला: 10 टक्के खडू, तोही स्टिअरिक अ‍ॅसिडचा (मेणासारखा पदार्थ) लेप दिलेला, आणि दोन्ही प्लास्टिक धरून ठेवणारा कंपॅटिबिलायझर घातलेला. आकडा 20 वेळा फाकवला. वाकाच्या जागी पांढुरका झाला, पण तुटला नाही. खांदेही पुरेसे ताठ. याला पाचपैकी साडेचार, 30 टक्केवाल्याला दोन.

उरलेल्या पाच गोणी साबणाच्या डब्यांना लावल्या. तिथे काही वाकवायचं नसतं, तो दाणा छान चालतोय.