डबल की ओव्हरकॉल?

उजवीकडच्याने ‘एक चौकट’ म्हटलं. तुमच्या हातात १२ पॉइंट आहेत (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). आता काय म्हणायचं?

ब्रिज नुकतंच शिकलेल्या पुष्कळांच्या डोक्यात इथे एक सोपा हिशेब बसलेला असतो: ओपनिंगइतके, म्हणजे पहिली बोली करण्याइतके, पॉइंट असले की डबल, त्याहून कमी असले की ओव्हरकॉल. माझ्याही डोक्यात तो होता. तो निघायला बरेच डाव आणि भिडूचे बरेच कटाक्ष खर्ची पडले. ओव्हरकॉल म्हणजे समोरच्यांच्या बोलीवर आपला रंग सांगणं: ‘माझा रंग हा.’ टेकआउट डबल म्हणजे विचारणं: ‘उरलेल्या तीन रंगांत तुझा कुठला?’ आपल्याला काही सांगायचंय की विचारायचंय, हे आधी ठरवायचं. पॉइंट मोजायचे ते त्यानंतर.

दोघांची पानं शेजारी मांडून बघू. पहिली अशी:

इस्पिक: राजा, गुलाम, ७, ३
बदाम: एक्का, राणी, ८, ५
चौकट: ६
किलवर: राणी, ९, ६, ४

दुसरी अशी:

इस्पिक: एक्का, राणी, १०, ८, ४
बदाम: ७, ३
चौकट: राजा, ५, ४
किलवर: राजा, ९, ६

दोन्हीकडे बरोबर १२ पॉइंट. ‘एक चौकट’वर पहिल्या पानांना डबल शोभतो. भिडूने इस्पिक म्हणो, बदाम म्हणो, किलवर म्हणो, तुमच्याकडे चार पानं तयार आहेत आणि चौकट दुसऱ्या फेरीपासून कापता येते. दुसऱ्या पानांना मात्र ‘एक इस्पिक’ हेच योग्य. पाच पानांचा भरीव रंग आहे, तो सांगून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या पानांवर डबल दिला तर काय होतं, ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे. भिडूकडे बदामची चार बारकी पानं आणि सात-आठ पॉइंट आहेत असं धरा. तो इमानाने ‘एक बदाम’ म्हणतो. तुमच्याकडे बदामची दोनच पानं, म्हणून तुम्ही ‘एक इस्पिक’वर जाता. इथे घोटाळा होतो. आधी डबल आणि मग स्वतःचा नवा रंग, या क्रमाचा अर्थ जवळपास सगळीकडे ‘साधा ओव्हरकॉल करायला माझी पानं फार मोठी होती’ असा, म्हणजे १७-१८ पॉइंट किंवा वर, असाच घेतला जातो. भिडू आपले आठ त्यात मिळवतो, बेरीज २५ धरतो आणि गेमच्या, म्हणजे बोनस देणाऱ्या मोठ्या बोलीच्या, वाटेला लागतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. तुमच्याकडे आहेत बारा.

उतारीचा मुद्दा तर याहून मोठा. समजा डावीकडच्याने बिनहुकूम म्हटलं आणि डाव तिथेच ठरला. पहिली उतारी भिडूची. तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हटलेलं असेल तर इस्पिकची दोनच पानं असूनही तो त्यातलं वरचं पान टाकतो आणि तुमचे एक्का-राणी-दश्शी कामाला लागतात. तुम्ही डबल दिला असेल तर तो बिचारा आपल्या चार बदामांतलं एक खेळतो, तेही तुमच्या दोन पानांवर. डबल कुठली उतारी करायची ते सांगत नाही. आठ-नऊ पॉइंटांवर एकच्या पातळीला मी ओव्हरकॉल करतो तो निम्म्या वेळा एवढ्यासाठीच. डाव आपल्याला मिळणार नाही हे दिसत असतं, पण भिडूने काय खेळावं ते त्याला कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट जागेची. ‘एक किलवर’वर ‘एक इस्पिक’ आलं की डावीकडच्याची ‘एक चौकट’ आणि ‘एक बदाम’ ही दोन्ही उत्तरं गेली. डबलने त्याची एकही बोली हिरावली जात नाही, उलट रिडबल (डबलवर पुन्हा डबल) नावाची एक जास्तीची बोली त्याला मिळते. ‘एक किलवर’वर ‘एक चौकट’ म्हटल्याने मात्र कोणाचंच फारसं अडत नाही, त्यामुळे तिथे रंग चांगला असावा ही अट मी जरा कडक ठेवतो.

मग डबलच्या पारड्यात काय? तीन रंग एकदम. ओव्हरकॉल एका रंगावर पैज लावतो, डबल भिडूच्या पसंतीवर. म्हणून त्याची अट आकाराची आहे: समोरच्याच्या रंगात दोन किंवा कमी पानं, बाकी तिन्हींत निदान तीन, आणि न बोललेल्या मेजरमध्ये (इस्पिक किंवा बदाम) चार असली तर उत्तम. आकार ४-४-४-१ असा देखणा असेल तर ११ पॉइंटही पुरतात. आकार फसवा असेल तर १४ सुद्धा कमी पडतात.

हे १४ कसे कमी पडतात ते मी १३ पॉइंटांवर शिकलो. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे हरलो तर दंड जास्त. उजवीकडून ‘एक इस्पिक’ आलं. माझ्याकडे इस्पिकचे राजा-राणी-७-३, बदामचे एक्का-५, चौकटचे राजा-गुलाम-६ आणि किलवरची १०-८-४-३. तेरा पॉइंट, म्हणून डबल! भिडूकडे बदामची चार छोटी पानं होती. तो ‘दोन बदाम’ म्हणाला. डावीकडच्याने शांतपणे दंडाचा डबल दिला आणि आम्ही सहा हुकुमांवर दोन बदाम खेळत बसलो. तीन हात कमी पडले, ८०० गेले. माझे इस्पिकचे राजा-राणी हे खरं तर त्यांना ‘एक इस्पिक’ खेळू देण्याचं कारण होतं. गप्प बसलो असतो तर थोडी कमाईसुद्धा झाली असती.

डबल देताना आणखी एक जोखीम उचलावी लागते. मध्ये कोणी बोललं नाही तर भिडूला बोलणं भाग असतं, हातात शून्य पॉइंट असले तरी. ठरलेली उतरंड साधारण अशी: आठपर्यंत साधी बोली, ९ ते ११ ला एक उडी, १२ च्या वर समोरच्याच्याच रंगाची बोली, म्हणजे क्यू-बिड. पास करायचा तो फक्त समोरच्याच्या रंगात लांब आणि दणकट पानं असतील तर, आणि तो पास दंड वसूल करण्यासाठीच असतो. ‘माझ्याकडे काहीच नव्हतं म्हणून पास केला’ हे वाक्य प्रत्येक ब्रिज खेळणाऱ्याने एकदा तरी ऐकलेलं असतं. मधल्याने रिडबल केला किंवा दुसरी काही बोली दिली की ही सक्ती संपते.

ओव्हरकॉलवर भिडूला अशी सक्ती नसते. तीन पानं असली की तो रंग उचलून धरतो, फिट (दोघांचा मिळून जमणारा रंग) आणि दहाच्या वर पॉइंट असतील तर क्यू-बिड करतो, चार हुकूम आणि थोडेच पॉइंट असतील तर उडी मारून समोरच्यांची वाट अडवतो. काहीच नसेल तर पास. भिडू कमकुवत असेल अशी शंका येते तेव्हा हा फरक फार मोलाचा ठरतो.

आता पातळी. एकच्या पातळीवर पाच पानांचा बरा रंग आणि आठ पॉइंट चालतात, कारण दंड करायला समोरच्यांना सात हात तरी करून दाखवावे लागतात. दोनच्या पातळीवर हे बदलतं. ‘एक इस्पिक’वर ‘दोन चौकट’ म्हणण्याआधी एक छोटी कसोटी लावायची: रंगातली पानं मोजायची, त्यात दश्शीपासून वरची चित्रं मिळवायची, आणि जितके हात करायची बोली लावतोय तितकी ती बेरीज भरतेय का ते बघायचं. वरच्या दुसऱ्या पानांतला इस्पिक घ्या: पाच पानं, तीन चित्रं, बेरीज आठ, म्हणजे आठ हात लागणाऱ्या दोनच्या पातळीलाही चालेल. आता ही पानं बघा:

इस्पिक: राणी, ७, ४
बदाम: राजा, ६
चौकट: एक्का, ९, ६, ५, ३
किलवर: राजा, गुलाम, ८

तेरा पॉइंट, पाच चौकट. कसोटीत बेरीज येते सहा. ‘एक इस्पिक’वर ‘दोन चौकट’ म्हटलं, व्हल्नरेबल असताना डबल पडला आणि दोन हात कमी झाले तर ५०० गेले. समोरच्यांनी चार इस्पिकचा नॉन-व्हल्नरेबल गेम केला असता तरी त्यांना ४२०च मिळाले असते. डबल द्यावा तर बदामची दोनच पानं, इस्पिकची तीन. तेव्हा पास. हातात ओपनिंग असताना पास करणं नव्या खेळाडूला जड जातं, पण अशा पानांवर तेच करावं लागतं.

सावध राहण्याजोगी एक बाब: हल्ली ओव्हरकॉलवर डावीकडच्याचा डबल बहुधा दंडाचा नसतो, न बोललेले रंग दाखवणारा निगेटिव्ह डबल असतो. म्हणून त्याने पास केला की हायसं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. दंड वसूल करायची पानं असली तरी त्याला पासच म्हणावा लागतो. ओपनर (बोली सुरू करणारा) फिरून डबल देतो, तो पुन्हा पास करतो, आणि तुम्ही अडकता.

मधल्या पानांवरच खरा वाद असतो. पाच इस्पिक आणि चार बदाम असतील आणि समोरून मायनर (चौकट किंवा किलवर) आला, तर मी ओव्हरकॉल करतो, फार विचार न करता. पुढे बोली फिरून माझ्यापर्यंत आली तर दुसऱ्या फेरीत डबल देता येतो आणि बदामही दाखवता येतात. हा क्रम उलटा होत नाही, कारण डबलनंतर इस्पिक म्हटलं की तुम्ही १७-१८ चे धनी ठरता. पाच बदाम आणि चार इस्पिक असतील तर काम अवघड: ‘एक बदाम’ म्हटलं की इस्पिकचा फिट हरवू शकतो. माझा कल असा की बदाम भरीव असतील तर तेच बोलायचे. बदाम पोकळ असतील आणि चौथ्या रंगाची तीन पानं असतील तर डबल. चार पानांचा मेजर आणि पाच पानांचा मायनर, यावर जोडीजोडीने करार असतात. करार नसेल तर डबलनंतर भिडूची बोली सोडून आपल्या मायनरवर जाणं म्हणजे पुन्हा तोच १७-१८ चा गैरसमज. पाच-पाचला दोन्ही मार्ग अपुरे, त्यासाठी एकाच बोलीत दोन रंग दाखवणारे मायकल्स क्यू-बिड आणि अनयूज्वल दोन बिनहुकूम आहेत. आणि १५ ते १८ पॉइंट, समतोल पानं, समोरच्याच्या रंगात स्टॉपर (त्यांना अडवणारं पान) असेल तर ‘एक बिनहुकूम’ म्हणा, डबलच्या नादी लागू नका.

मोठ्या पानांबाबत जुना दंडक असा की १६ च्या पुढे गेलं की आधी डबल. मी तो थोडा वर सरकवला आहे. पाच पानांचा चांगला मेजर आणि १७ पॉइंट असले तरी मी बहुतेक वेळा साधा ओव्हरकॉलच करतो. डबल दिला आणि डावीकडच्याने पटकन ‘तीन चौकट’वर उडी मारली, तर मेजर सांगायची पहिली संधी थेट तिसऱ्या पातळीला येते, आणि तोवर भिडूला माझ्याकडे पाच पानांचा रंग आहे याचा पत्ताच नसतो. सहा पानं आणि १८ असतील तर अर्थात डबल.

शेवटच्या खुर्चीत बसलेल्याचं गणित वेगळं. ‘एक बदाम’, पास, पास, आणि तुमची पाळी आली, तर भिडूकडे बोलता न आलेले काही पॉइंट असणारच. तिथे त्याचा एक राजा उसना घ्यायचा, म्हणजे सगळ्या अटी सुमारे तीन पॉइंटांनी खाली आणायच्या. आकार बरोबर असेल तर नऊवरही डबल चालतो, ‘एक बिनहुकूम’ ११ ते १४ वर. भिडूनेही उत्तर देताना तो राजा आपल्या पानांतून वजा करायला हवा. तो विसरला तर तीन पॉइंट दोनदा मोजले जातात.