गोष्टींचे वेड असणाऱ्यांसाठी : पुण्याचा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम

गोष्टींचे वेड असलेल्या माणसाला समीक्षेचे थोडे भय वाटतेच. कथा कशी रचली आहे हे एकदा कळले की तिच्यात रमणे संपेल, अशी त्याची समजूत असते. पुण्यातील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून वर्षानुवर्षे उन्हाळ्यात चालवलेला, सुमारे महिनाभराचा चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम ही समजूत फार लवकर मोडून काढतो, आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे श्रेय आहे.

येथे चित्रपट करायला शिकवत नाहीत, बघायला शिकवतात. त्यामुळे वर्गात प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार, निवृत्त बँक कर्मचारी आणि नुकतेच पदवीधर झालेले तरुण असे सगळेच शेजारी शेजारी बसतात. दिवसा व्याख्याने आणि निवडक प्रसंगांची चिरफाड, संध्याकाळी पूर्ण चित्रपट, आणि त्यानंतर आवारातल्या प्रसिद्ध आंब्याखाली, म्हणजे ‘विस्डम ट्री’खाली, वर्गापेक्षा अधिक तावातावाने होणारी चर्चा, असा साधारण क्रम असतो. या शिक्षणपद्धतीची मुळे प्रा. सतीश बहादूर यांच्यापर्यंत जातात. ते १९६३ मध्ये या संस्थेत आले आणि एकच चित्रपट प्रसंगाप्रसंगाने, दृश्यादृश्याने उलगडत नेण्याची शिस्त त्यांनी रुजवली. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, संग्रहालयाची स्थापना झाली आणि अशा अभ्यासाला लागणारे चित्रपट हाताशी आले.

या पद्धतीचा कस सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’सारख्या चित्रपटात लागतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेला हरिहर घरी परततो, त्याच्या गैरहजेरीत वारलेल्या मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी पत्नी सर्वजयेच्या हाती देतो आणि ती कोसळते, हा प्रसंग पाहून डोळे भरून येतात, यात विशेष काही नाही. विशेष हे की सर्वजयेचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही, कारण त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचे तीव्र स्वर आहेत. हे ध्यानात आल्यावर प्रसंग पुन्हा पाहिला, तरी गळा तितकाच दाटतो. फरक एवढाच, की दिग्दर्शकाने काय दाखवले याच्याबरोबर त्याने काय राखून ठेवले, हेही आता कळू लागते. रसभंगाचे भय माझ्यापुरते येथेच संपले.

दुसरे उदाहरण तर त्याच आवारातले आहे. संस्था १९६० साली ज्या जागेत उभी राहिली तो प्रभातचा स्टुडिओ, आणि दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली तेथेच घडला. आरंभी तुकाराम डोळे मिटून, जवळजवळ निश्चल बसून गातात आणि कॅमेराही त्यांच्यासमोर स्थिर राहतो. पाठोपाठ त्यांचा मत्सर करणारा सालोमालो तेच शब्द स्वतःचे म्हणून नाटकी आविर्भावात सादर करतो. एकही संवाद खर्ची न घालता अस्सल आणि नक्कल यांतला भेद प्रेक्षकाच्या मनात पक्का होतो. लहानपणापासून दूरदर्शनवर अनेकदा पाहिलेल्या चित्रपटात इतका हिशेबी विचार असेल, असे भक्तिभावाने पाहणाऱ्याच्या सहसा मनातही येत नाही.

अभिजात चित्रपटांसाठी हे सारे ठीक, पण रोजच्या करमणुकीचे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते खरा उपयोग तेथेच होतो. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव याने शतकापूर्वी दाखवून दिले की नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाच्या ताटलीच्या दृश्याला जोडला तर भुकेला आणि शवपेटीच्या दृश्याला जोडला तर शोकाकुल वाटतो. हे समजलेला माणूस गाण्याच्या स्पर्धेतील परीक्षकाचे पाणावलेले डोळे पाहताना ते नेमके त्याच गाण्याच्या वेळचे आहेत का, असे स्वतःला विचारतो, आणि बातम्यांच्या मागे भीतिदायक संगीत कशासाठी वाजते आहे, असेही. दैनंदिन मालिकेत एका वाक्यावर तीन चेहरे तीन-तीनदा का दाखवले जातात, याचे उत्तर तर वेळ भरून काढण्याच्या गरजेतच सापडते. (घरच्यांसोबत मालिका पाहताना ही विद्या प्रकट करू नये, एवढी सूचना करतो.) उलट, ज्यांना आपण नुसते मसालापट म्हणून बाजूला सारतो, त्यांतल्या काहींनी मध्यंतर किती अचूक जागी घेतले आहे, हे दिसू लागते आणि त्यांच्याविषयीचा आदर वाढतो.

निव्वळ मनोरंजनासाठी सुटी घालवू इच्छिणाऱ्याने मात्र येथे येऊ नये. दिवस लांबलचक असतात आणि संथ, मूक किंवा अपरिचित भाषेतला चित्रपट शेवटपर्यंत पाहण्याची तयारी लागते. अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून होते. ते अडचणीचे वाटत असल्यास पुण्यात मराठीतूनही थोड्या दिवसांची रसास्वाद शिबिरे भरली आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवावे. अभ्यासक्रमाचे स्वरूप, कालावधी आणि शुल्क बदलत असल्याने संस्थेची ताजी घोषणा पाहूनच रजेचा अर्ज द्यावा.