नऊ महिने नीट शोधून पाहिलं: काय टिकलं, काय सुटलं

कामासाठी मला रोज नेटवर काही ना काही शोधावं लागतं. पूर्वी मनात येईल ते लिहायचो, वरचे तीन दुवे उघडायचो आणि हाती काही लागलं नाही की 'नेटवर नाहीच' म्हणून सोडून द्यायचो. नऊ महिन्यांपूर्वी ठरवलं, एकेक युक्ती घ्यायची आणि दोन-तीन आठवडे रोज वापरून पाहायची.

सगळ्यात मोठा फरक ज्या सवयीने पडला, तिला कुठलंच चिन्ह लागत नाही. आपला प्रश्न लिहायचा नाही. उत्तर ज्या पानावर असेल, त्या पानावर जे शब्द असतील ते लिहायचे. भिंतीवर पांढरी पावडर धरत होती. 'भिंतीवर पांढरी पावडर का येते' असं शोधलं तर रंगाच्या जाहिरातीच जास्त. पण त्यातल्या एका पानावर 'एफ्लोरेसन्स' हा शब्द दिसला. तोच शब्द इंग्रजीत टाकून पुन्हा शोधलं आणि चित्रच पालटलं: ओल भिंतीतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. नुसता रंग मारून काही होणार नव्हतं. तेव्हापासून माझा पहिला शोध माहितीसाठी नसतोच, त्या विषयातल्या लोकांचा शब्द मिळवण्यासाठी असतो. माहिती दुसऱ्या शोधात मिळते.

अवतरणचिन्हं रोज लागतात; त्यांच्यात घातलेले शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमाने शोधले जातात. संगणकाने दाखवलेला त्रुटीचा संदेश जसाच्या तसा दुहेरी अवतरणात टाकायचा. फक्त आपल्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव त्यातून काढून टाकायचं, कारण ते दुसऱ्या कुणाकडे नसतं. हे कळेपर्यंत माझे बरेच शोध कोरडे गेले. कधीकधी अवतरणातलं वाक्य पानावर डोळ्यांना दिसत नाही, कारण ते चित्रामागच्या वर्णनात किंवा पानाच्या पत्त्यातही असू शकतं. म्हणून पान उघडलं की कंट्रोल-एफ दाबून, म्हणजे पानातल्या पानात शोधून, ते मजकुरात आहे का ते आधी बघतो.

इंग्रजीत 'साइट', लगेच अपूर्णविराम आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये मोकळी जागा अजिबात नाही: असं लिहिलं की शोध त्या एकाच संकेतस्थळापुरता होतो. मोठ्या संस्थांच्या पानांवर त्यांच्या स्वतःच्या शोधचौकटीपेक्षा मला हे जास्त उपयोगी पडलं. तसंच इंग्रजीत 'फाइलटाइप', अपूर्णविराम आणि 'पीडीएफ' लिहून फक्त पीडीएफ फाइली मागता येतात. जुन्या यंत्राचं माहितीपुस्तक हवं होतं. मॉडेल क्रमांक अवतरणात घातला, पीडीएफ मागितली आणि पाच मिनिटांत मिळालं.

वजाचिन्हाबद्दल मात्र माझं मत बदललं. 'क्रेन' हा पक्षी शोधताना उचलयंत्रंच येत होती. वजा लावून 'मशीन' वगळलं तर चांगली पानंही गेली, कारण तो शब्द कुठेतरी ओझरता आला तरी सगळं पान बाद होतं. त्याऐवजी 'पाणथळ' आणि 'स्थलांतर' यांचे इंग्रजी शब्द जोडले आणि पक्षीच पक्षी आले. आता वजाच्या आधी मी नेहमी एखादा शब्द वाढवून बघतो.

तसंच इंग्रजीत 'बिफोर' किंवा 'आफ्टर', अपूर्णविराम आणि तारीख लिहून तारखेची मर्यादा घालता येते. बातम्यांसाठी उत्तम, पण पानाची तारीख हा शोधयंत्राचा अंदाज असतो. जुनाच मजकूर नवी तारीख लावून पुन्हा टाकलेला बऱ्याचदा भेटला, त्यामुळे आतले संदर्भ कोणत्या सालचे आहेत ते बघूनच विश्वास ठेवतो.

युक्त्यांच्या याद्यांमध्ये मेलेल्या गोष्टी अजून फिरतात. शब्द सक्तीने हवा म्हणून अधिकचिन्ह लावण्याची सोय गूगलने २०११ मध्ये काढली, समानार्थी शब्दांसाठीचं तरंगचिन्ह (~) २०१३ मध्ये. पानाची साठवलेली प्रत दाखवणारा दुवाही २०२४ मध्ये गेला. त्याची उणीव मला आता वाटत नाही, कारण संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं, इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचं वेबॅक मशीन आहे. २००१ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. मेलेल्या दुव्याचा पत्ता तिथे टाकला की बऱ्याचदा पान जुन्या रूपात समोर येतं. या नऊ महिन्यांत मला सर्वांत मनापासून आवडलेली गोष्ट हीच.

मराठीत शोधताना एक पथ्य पाळतो: शब्द दोन-तीन प्रकारे लिहून बघायचा, साइट-साईट, हिंदी-हिन्दी. एका लेखनात जे येत नाही ते दुसऱ्यात येतं. जे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड ही अक्षरांची आजची सामाईक पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये) टंकलं गेलं, किंवा नुसतं स्कॅन करून चढवलं, ते मात्र बऱ्याचदा कुठल्याच युक्तीने हाती लागत नाही. अशा पीडीएफमधली मराठी अक्षरं शोधयंत्राला बऱ्याचदा ओळखता येत नाहीत. तिथे मी फाइलचं नाव आणि साल यांवरून माग काढतो, अनुक्रमणिका उघडतो आणि पान पान वाचतो.